ओटावाची लाइट रेल: लोकांचं मत का फिरलं?

नवी रेल्वे सुरू झाली की पाहणी करणारे लोकांना एक ठरलेला प्रश्न विचारतात: तुम्हाला ही गाडी आवडली का? ओटावात लाइट रेल, म्हणजे शहरात धावणारी हलकी रेल्वे, सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाली. तेव्हा हा प्रश्न विचारला असता तर बहुतेकांनी हो म्हटलं असतं. महिन्याभरात तीच माणसं संतापलेली होती. गाडी तीच, रूळ तेच आणि स्थानकंही तीच होती. मग बदललं काय? या प्रकरणाचा अभ्यास मला त्यासाठीच करावासा वाटला. लोकांचं मत म्हणजे क्षणिक चीड किंवा तात्पुरतं कौतुक, असं प्रशासनात अनेकजण धरून चालतात. ओटावात मात्र प्रवाशांच्या तक्रारींत जे पहिल्या महिन्यातच दिसत होतं, तेच तीन वर्षांनी एका चौकशी आयोगाच्या 664 पानी अहवालात सविस्तर मांडलं गेलं.

आधी बस होती, आणि ती चांगली होती

ओटावा कॅनडाची राजधानी. संघराज्य सरकारची कार्यालयं शहराच्या मध्यभागी, आणि तिथं काम करणारे हजारो कर्मचारी पूर्वेला ऑर्लिन्स, पश्चिमेला कनाटा, दक्षिणेला बारहेवन अशा दूरच्या उपनगरांत राहणारे. या लोकांसाठी 1983 पासून ट्रान्झिटवे उभा राहिला: फक्त बससाठी राखलेला, सिग्नल आणि गाड्यांच्या गर्दीपासून वेगळा काढलेला रस्ता. बससाठी स्वतंत्र मार्ग कसा असावा हे बघायला जगभरातून नियोजनकार ओटावाला येत. घराजवळच्या थांब्यावर बस पकडायची, बसायला जागा मिळाली तर डोळे मिटायचे आणि थेट कार्यालयाशी उतरायचं, ही सवय एका पिढीला लागली होती.

अडचण होती ती मध्यभागात. उपनगरांतून वेगानं येणाऱ्या सगळ्या बस अल्बर्ट आणि स्लेटर या दोन रस्त्यांवर येऊन मिळत आणि तिथं त्यांची एकामागे एक भिंत उभी राहत असे. एका बसला उशीर झाला की मागची सगळी रांग अडकायची. आणखी बस घालायला जागाच उरली नव्हती. त्यामुळे मध्यभागी बोगदा काढून रेल्वे आणायची हा निर्णय मुळात चुकीचा होता असं मला वाटत नाही. नंतरच्या संतापात ‘बसच बरी होती’ असं म्हणणारे अनेक भेटतात. त्यांच्या घरापासून कार्यालयापर्यंतच्या प्रवासापुरतं ते खरंही असेल, पण अल्बर्ट-स्लेटरवर ती व्यवस्था थकत आली होती.

रेल्वेचा हा पहिला प्रयत्नही नव्हता. उत्तर-दक्षिण मार्गाचा एक करार आधी झाला होता. 2006 च्या निवडणुकीनंतर आलेल्या नव्या नगर परिषदेनं तो त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केला आणि पुढं कंत्राटदारांशी तडजोड करताना शहराला साडेतीन कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले. पैसे गेले आणि हाती काहीच आलं नाही, ही आठवण लोकांच्या मनात होती. नेत्यांच्याही मनात होती, आणि त्याचा परिणाम पुढं दिसतो: नव्या प्रकल्पाचा 210 कोटी डॉलरचा आकडा आराखडे नीट पक्के होण्याआधीच जाहीर झाला आणि मग तो राजकीय वचन म्हणून जपला गेला. त्यातले 60 कोटी संघराज्य सरकारचे, 60 कोटी ऑन्टारियो प्रांताचे.

खड्डा आणि हुकलेल्या तारखा

डिसेंबर 2012 मध्ये परिषदेनं रिडो ट्रान्झिट ग्रुप या कंपनीसमूहाला काम दिलं. एसीएस, एसएनसी-लाव्हालँ आणि एलिसडॉन या त्यातल्या भागीदार. मार्ग 12.5 किलोमीटर, 13 स्थानकं, त्यातली लायन, पार्लमेंट आणि रिडो ही तीन भुयारी. बांधणी, काही प्रमाणात भांडवल उभारणी आणि पुढची 30 वर्षं देखभाल असं सगळं एकाच करारात. जमिनीखाली काय निघेल याची जोखीमही कंत्राटदारानं स्वीकारलेली.

8 जून 2016 ला रिडो स्ट्रीटवर रस्ता खचला. खड्डा एवढा मोठा की कडेला उभी असलेली एक व्हॅन आत गेली. गॅसगळती झाली आणि आसपासच्या इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. पुढं खड्डा काँक्रीटनं भरला तेव्हा ती व्हॅन आतच राहिली. शहरातल्या माणसाला प्रकल्पाबद्दल विचारलं की अजूनही आधी त्या व्हॅनची गोष्ट निघते. बोगद्याचं काम वेळापत्रकातून कायमचं निसटलं ते या खड्ड्यापासून.

करारानुसार मार्ग मे 2018 मध्ये ताब्यात मिळायचा होता. मग नोव्हेंबर 2018 ची तारीख आली, नंतर मार्च 2019, त्यानंतर जून 2019. प्रत्यक्ष ताबा मिळाला 30 ऑगस्ट 2019 ला. मोठं बांधकाम लांबतं हे लोकांना कळतं, त्यासाठी कोणी शहरावर कायमचा राग धरत नाही. पण दर वेळी तारीख ठामपणे सांगितली जात होती आणि दर वेळी ती हुकत होती. कंत्राटदारानं दिलेल्या काही तारखा पूर्णपणे अवास्तव होत्या आणि ते त्याला ठाऊक होतं, असा निष्कर्ष पुढं आयोगानं काढला. सामान्य प्रवाशाकडे यातला एकही कागद नव्हता. तरी ‘पुढची तारीखही खोटीच निघणार’ हा त्याचा अंदाज बरोबर ठरत गेला.

तीन आठवड्यांचं कौतुक

14 सप्टेंबर 2019, शनिवार. उद्घाटनानंतर लोकांसाठी दारं उघडली आणि माणसं नुसती बसून फेरी मारायला रांगा लावून आली. कुटुंबं होती, म्हातारी माणसं होती. लाल-पांढऱ्या लांब गाड्या, खालच्या पातळीवरची दारं, उजेडाची भव्य भुयारी स्थानकं. कौतुक खरं होतं, आणि पुढच्या रागामुळे ते खोटं ठरत नाही.

पहिले तीन आठवडे रेल्वेबरोबर जुन्या बसही चालू होत्या. म्हणजे ज्याला हवं त्यानं गाडीनं जावं, नको त्यानं नेहमीच्या बसनं. गर्दी दोन ठिकाणी वाटली गेली होती आणि गाडी बिघडली तरी मागं आधार होता. 6 ऑक्टोबरला हा आधार काढला गेला. उपनगरांतल्या बस आता मध्यभागी जाणार नव्हत्या. पश्चिमेच्या बस टनीज पाश्चरला, पूर्वेच्या ब्लेअरला, दक्षिणेच्या बऱ्याचशा हर्डमनला थांबणार आणि तिथून सगळ्यांनी गाडीत चढायचं.

इथं ‘लोकांचं मत’ या शब्दाचे तुकडे पडतात. लीज किंवा पिमिसी स्थानकाजवळ राहणाऱ्याला घरासमोर वेगवान गाडी मिळाली. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला वर्गाजवळ स्थानक मिळालं. कनाटाच्या कर्मचाऱ्याची मात्र बसून होणारी एक सलग फेरी गेली. त्याऐवजी बस, मग जिना, मग फलाटावरची गर्दी, मग उभ्यानं काही मिनिटं, असा तुकड्यातुकड्यांचा प्रवास आला. संध्याकाळी तेच उलट्या क्रमानं, आणि बस चुकली तर उणे तापमानात उघड्यावर थांबणं. सरासरी काढली तर एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यात मिसळून जातो आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. गैरसोय सोसणाऱ्याला सरासरीशी काय करायचं?

गाडी बदलण्याची अट मुळातच अन्यायाची आहे असं मी म्हणत नाही. जगातल्या कितीतरी चांगल्या वाहतूक व्यवस्था गाडी बदलण्यावरच उभ्या आहेत. पण ज्याच्याकडून आपण थेट बस काढून घेतो, त्याला पुढची गाडी नक्की येईल याची खात्री द्यावी लागते. खात्री नसताना ही अट म्हणजे नुसता भुर्दंड.

एक दार

बस बंद झाल्यावर दोनच दिवसांनी, 8 ऑक्टोबरच्या सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, एका प्रवाशानं बंद होणारं दार धरून ठेवलं. दाराच्या यंत्रणेत बिघाड नोंदला गेला आणि गाडी जागची हलेना. मागच्या गाड्या थांबल्या. बस तर टनीज पाश्चरला माणसं आणून सोडतच होत्या. फलाट भरला, जिने भरले, माणसं बाहेर रस्त्यापर्यंत आली. दुसऱ्याच दिवशी एका गाडीच्या संगणकानं दगा दिला आणि पुन्हा तेच झालं.

हा दाराचा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. बसमध्ये धावत येणाऱ्या माणसासाठी चालक क्षणभर थांबतो. कोणी दारात हात घातला तर दार उघडतं, तो आत येतो, बस निघते. एका बसला अर्ध्या मिनिटाचा उशीर होतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. लाइट रेलमध्ये दार पूर्ण बंद झाल्याची खूण मिळाल्याशिवाय गाडी निघू शकत नाही. ते सुरक्षेसाठीच आहे आणि योग्य आहे. पण दार अडलं तर ते पुन्हा कामाला लावायला किती वेळ लागतो, कोण लावतो, तो माणूस कुठं उभा असतो, हे सगळं सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. गर्दीच्या गाडीत कोणीतरी दार धरणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

प्रशासनाचा पहिला रोख प्रवाशांवर होता: दारं धरू नका, फलकांवरच्या सूचना पाळा. सूचना चुकीची नव्हती. पण तिचा सूर लोकांना लागला. वर्षभराहून अधिक उशिरा आलेली, 210 कोटी डॉलरची गाडी एका हातानं बंद पडते आणि दोष त्या हाताचा, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. पुढं दारांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल झाले, स्थानकांवर तंत्रज्ञ ठेवले गेले, आणि दारांचा त्रास बराच कमी झाला. म्हणजे उपाय यंत्रणेच्याच बाजूला होता. माझ्या मते मत फिरलं ते याच आठवड्यात. पुढच्या हिवाळ्यानं ते पक्कं केलं.

हिवाळा

रूळबदलाच्या जागी बर्फ साचू नये म्हणून बसवलेले विजेचे तापक पुरे पडेनात. पुढं त्यांच्या जागी गॅसवर चालणारे बसवावे लागले. आपत्कालीन ब्रेक लागला की चाक रुळावर घासत जातं आणि त्याची गोलाई एका जागी सपाट होते. अशी चाकं पुन्हा गोल करायला यंत्र लागतं, आणि आगारात ते एकच होतं. चाकं रांगेत आणि गाड्या आगारात. गर्दीच्या वेळी 15 गाड्या हव्या होत्या, शहरानं सुरुवातीला 13 वर समाधान मानलं होतं, आणि त्या हिवाळ्यात कित्येक दिवस तेवढ्याही रुळावर नव्हत्या. जानेवारी 2020 मध्ये वरची वीजवाहक तार तुटली. रिडोच्या भुयारी स्थानकात सांडपाण्यासारखा वास येतो ही तक्रार तर इतकी सार्वत्रिक होती की शहराबाहेरच्या लोकांनाही ती माहीत झाली.

गाडी बंद असली की तिच्याऐवजी आर-1 नावाची बस धावायची. शहरातल्या प्रवाशांना ही दोन अक्षरं अजूनही पाठ आहेत. बंद केलेल्या बसच्या जागी बिघडलेल्या गाडीसाठी पुन्हा बस! लोकांना याचा राग येणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

तक्रार करायची कुणाकडे, हाही प्रश्नच होता. चालक ओसी ट्रान्सपो या शहराच्या परिवहन सेवेचे. देखभाल रिडो ट्रान्झिट मेंटेनन्सची. तिनं ती पुढं गाड्या बनवणाऱ्या आल्स्टॉमकडे सोपवलेली. प्रवासी ओसी ट्रान्सपोला विचारणार, ती देखभाल कंपनीकडे बोट दाखवणार, ती उपकंत्राटदाराकडे. शहरानं देखभालीचे पैसे अडवून धरले, नोटिसा काढल्या. करार म्हणून ते बरोबर असेल, पण फलाटावर थांबलेल्या माणसाची गाडी त्यानं लवकर येत नाही. त्याच्या लेखी शहर एकच असतं आणि तिकिटाचे पैसे त्यानं शहरालाच दिलेले असतात.

मार्च 2020 मध्ये साथ आली, सरकारी कार्यालयं घरी गेली आणि गाड्या रिकाम्या झाल्या. राग निवळला असं कोणाला वाटलं असेल तर ते केवळ प्रवासी नव्हते म्हणून.

लोक कुठं चुकले

लोकांच्या बाजूनं लिहिताना हेही लिहायला हवं. ‘ही गाडी आपल्या हिवाळ्यासाठी नाहीच’ हे मत ओटावात फार पसरलं होतं. तापक आणि तारेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण सर्वांत गंभीर दोन घटना भर उन्हाळ्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी घडल्या. 8 ऑगस्ट 2021 ला टनीज पाश्चरजवळ एक रिकामी गाडी घसरली: चाकाजवळचं बेअरिंग निकामी होऊन आस तुटला होता. त्यानंतर सगळ्या गाड्यांची तपासणी, दुरुस्ती झाली. 19 सप्टेंबरला दुसरी गाडी, या वेळी प्रवाशांसह, ट्राँब्ले स्थानकाजवळ घसरली. रुळावरून उतरलेल्या अवस्थेतच ती पुलावरून पुढं गेली आणि वाटेतल्या सिग्नलच्या सामानाला धडकून थांबली. प्रवासी बचावले. कारण काय निघालं? ऑगस्टच्या घटनेनंतरच्या दुरुस्तीत गिअरबॉक्सचे बोल्ट पुरेसे आवळले गेले नव्हते. यात बर्फाचा काहीच संबंध नाही. प्रश्न होता बेअरिंगवर पडणाऱ्या ताणाचा, आणि बोल्ट आवळल्यावर तो कोणी तपासला याचा.

दुसरी चूक, सगळा दोष ‘खासगी कंत्राटदार’ या दोन शब्दांत संपवण्याची. कंत्राटदाराचा दोष मोठा होताच. पण सिटाडिस स्पिरिट ही उत्तर अमेरिकेसाठी नव्यानं घडवलेली गाडी, थालेस कंपनीच्या सिग्नल यंत्रणेशी तिचा मेळ पहिल्यांदाच घातला जाणारा, आणि तरी चाचणीचा वेळ आखडता, हे मान्य करणारं शहरच होतं. शहरानं मागितलेल्या गोष्टींचा मेळ आणि शहरानं धरलेली घाई, दोन्हींची जबाबदारी शहराचीच राहते.

98 टक्के आणि 96 टक्के

सप्टेंबरच्या अपघातानंतर मार्ग 54 दिवस बंद राहिला, 12 नोव्हेंबरपर्यंत. न्यायालयीन चौकशीची मागणी परिषदेत आली तेव्हा बहुमतानं ती फेटाळली आणि लेखापरीक्षकाकडे काम सोपवायचं ठरवलं. लोकांना हे पटलं नाही. त्याच नोव्हेंबरात ऑन्टारियो सरकारनं स्वतःच सार्वजनिक चौकशी जाहीर केली आणि न्यायमूर्ती विल्यम हॉरिगन यांची नेमणूक झाली. डिसेंबर 2021 चा महिना शहरानं सर्वांना मोफत प्रवासाचा ठेवला. विश्वास परत मिळवण्याचा तो एक प्रयत्न होता.

2022 च्या उन्हाळ्यात 18 दिवस जाहीर सुनावणी झाली. नागरिकांचं म्हणणं ऐकायला आयोगानं त्याआधी स्वतंत्र सभाही घेतल्या. सुनावणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाटतो तो 2019 च्या उन्हाळ्यातल्या अंतिम चाचणीचा.

ही चाचणी अशी: प्रवासी न घेता गाड्या रोजच्या वेळापत्रकाप्रमाणे चालवायच्या. त्या दिवशी सगळ्या गाड्या मिळून जेवढे किलोमीटर धावायला हव्या होत्या, त्यातले किती टक्के प्रत्यक्ष धावल्या ते मोजायचं. निकष होता 12 दिवसांच्या सरासरीनं 98 टक्के. 29 जुलैला चाचणी सुरू झाली आणि सुरुवातीचे दिवस वाईट गेले. मग चाचणी चालू असतानाच निकष बदलला: 12 पैकी 9 दिवस 96 टक्के पुरे. 2017 मध्ये हाच सौम्य निकष ठरला होता, तो पुन्हा आणला, असं समर्थन देण्यात आलं. त्यावर गाड्या उत्तीर्ण झाल्या.

दोन टक्क्यांनी काय होतं, असं कोणी म्हणेल. पण हा आकडा किलोमीटरचा आहे, माणसांचा नाही. दुपारी दोन वाजता रद्द झालेली फेरी आणि सकाळी पावणेनऊला रद्द झालेली फेरी त्यात सारखीच मोजली जाते. दिवसभर सुरळीत धावून सकाळी पाऊण तास बंद पडलेला मार्ग कागदावर उत्तम गुण मिळवतो. टनीज पाश्चरच्या फलाटावर मात्र तो पूर्ण नापास असतो. लोक आपापल्या पाऊण तासावरून मत बनवत होते आणि त्यांचं मोजमाप मला अधिक प्रामाणिक वाटतं.

निकष बदलणं हा तांत्रिक निर्णय म्हणून समर्थनीय ठरूही शकला असता. खरं दुखणं पुढचं आहे. महापौर जिम वॉटसन, परिवहन आयोगाचे अध्यक्ष, नगर व्यवस्थापक स्टीव्ह कॅनेलाकोस आणि परिवहन प्रमुख जॉन मँकोनी यांच्यात एका व्हॉट्सॲप गटावर चाचणीची खबर रोजच्या रोज फिरत होती. लोकांनी निवडून दिलेल्या बाकीच्या नगरसेवकांना ती मिळाली नाही. त्यांना चाचणी पार पडल्याचं कळवलं गेलं. ती कशी पार पडली हे कळवलं गेलं नाही. आणि याच नगरसेवकांना ऑक्टोबरात लोकांनी फोन करून जाब विचारला.

30 नोव्हेंबर 2022 ला अहवाल आला. जनतेच्या विश्वासाला घोर तडा देणाऱ्या घटना घडल्या, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे: कंत्राटदारानं दिलेल्या अवास्तव तारखा ही एक, आणि नगर व्यवस्थापकानं परिषदेची जाणूनबुजून केलेली दिशाभूल ही दुसरी. कॅनेलाकोस यांनी दोनच दिवस आधी राजीनामा दिला होता. वॉटसन त्या वर्षीच्या निवडणुकीत उभेच राहिले नव्हते. 103 शिफारशींमध्ये एक साधी गोष्ट आहे: अशा मार्गाची सुरुवात हळूहळू करावी, थोड्या गाड्या, थोडे प्रवासी, आणि व्यवस्था स्थिरावेपर्यंत जुना आधार ठेवावा. 2019 मध्ये असा पर्याय शहरानं नाकारला होता. इतक्या उशिरानंतर अर्धवट सेवा लोक स्वीकारणार नाहीत अशी भीती होती. लोकांना तसं कधी विचारलं गेलं का? ‘गाड्या अजून पूर्ण तयार नाहीत, दोन महिने जुनी बसही चालू ठेवतो,’ असं सांगितलं असतं तर लोक कुरकुरले असते, पण माझी खात्री आहे की त्यांनी ते ऐकलं असतं.

नापसंती कशाची होती

या सगळ्या काळात ‘ही रेल्वेच नको’ अशी चळवळ ओटावात मूळ धरू शकली नाही, हे मला फार बोलकं वाटतं. दुसऱ्या टप्प्याचे 466 कोटी डॉलरचे करार परिषदेनं मार्च 2019 मध्ये, पहिला टप्पा सुरू होण्याआधीच मंजूर केले होते. त्यात दक्षिणेकडच्या मार्गाचं काम किमान तांत्रिक गुण न मिळवलेल्या निविदाकाराला दिल्याचं उघड झालं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. तरी लोकांची मागणी निविदेची छाननी करा, आकडे दाखवा, अशीच होती. रूळ उखडा, असं कोणी म्हणत नव्हतं. मोठ्या वाहतूक प्रकल्पांवरच्या मतांचा अर्थ लावताना हा फरक नेहमी निसटतो. रागावलेला प्रवासी हा विरोधक असतो असं नाही. बहुतेक वेळा तो गाडीवर अवलंबून असलेला माणूस असतो. ज्याला पर्याय असतो तो न बोलता मोटार काढतो, आणि त्याचं मत कुठल्याच तक्रारवहीत सापडत नाही.

जुलै 2023 मध्ये बेअरिंगच्याच कारणासाठी मार्ग पुन्हा 28 दिवस बंद झाला. प्रवाशांची गैरसोय आधीसारखीच झाली. फरक एवढाच की या वेळी आसाच्या जोडणीचं आरेखनच बदलावं लागेल, त्याला वेळ लागेल, आणि तोवर गाड्यांची तपासणी वारंवार करावी लागेल, हे उघडपणे सांगितलं गेलं.

दक्षिणेकडचा दुसरा मार्ग दोन वर्षांहून अधिक उशिरानं 6 जानेवारी 2025 ला उघडला. त्याची अंतिम चाचणी 21 दिवसांची होती आणि तिचे निकाल परिषदेला व लोकांना कळत गेले. मार्ग आधी आठवड्याचे पाच दिवस चालवला, मग सहा, मग सातही दिवस. उद्घाटनाच्या दिवशी भव्य काही दिसलं नाही, आणि 2019 च्या ऑक्टोबरसारखी सकाळही त्यानंतर उगवली नाही.

तक्रारी आल्याच. गाडी 12 मिनिटांनी येते, ती आणखी लवकर हवी. विमानतळावरून मध्यभागी जायला साउथ कीज आणि बेव्ह्यू अशी दोनदा गाडी बदलावी लागते. ही अडचण लोकांनी आराखडा कागदावर असतानाच मांडली होती. एप्रिल 2025 मध्ये बसचे मार्गही नव्यानं आखले गेले, आणि कोणाची थेट फेरी गेली, कोणाला आता एक गाडी जास्त बदलावी लागते, याचा हिशेब प्रवासी पुन्हा मांडू लागले. शहराकडे आता प्रत्येक थांब्यावरच्या चढ-उताराची आकडेवारी असते. ती या हिशेबाशेजारी ठेवून वाचली जाते का, नव्या फेरीची खात्री झाल्यावरच जुनी काढली जाते का, हे विचारायला ओटावाचे प्रवासी आता अधिकाऱ्यांची पुढची घोषणा होईपर्यंत थांबत नाहीत. नगरसेवकही ते आकडे मागून घेतात.